उणे पंचवीसमध्ये परसातल्या कोंबड्या: काय घालायचं, काय बघायचं

अमेरिकेत, मिनेसोटात कोंबड्या पाळल्यात म्हटलं की इथली मराठी मंडळी विचारतात, "अगं, थंडीत मरत नाहीत का त्या?" आणि साताऱ्याहून आई विचारते, "अगं, पण कापतं कोण?" आईला उत्तर सोपं आहे, कुणीच नाही, अंड्यांसाठी ठेवल्यात. थंडीचं उत्तर मात्र लांबलचक आहे आणि दरवर्षी ऑक्टोबर आला की कुणी ना कुणी फोन करून विचारतंच, त्यात २०२५ च्या मार्चमध्ये डझनभर अंडी सरासरी ६ डॉलरच्या वर गेली तेव्हापासून तर आमच्या ग्रुपमधल्या चार घरांनी खुराडी घेतलीत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आमचं घर मिनियापोलिसच्या पश्चिमेला. परसात ७ कोंबड्या, कोंबडा नाही (बऱ्याच गावांत चालत नाही, आधी आपल्या शहराचे नियम बघा, परमिट लागतं का ते विचारा, मगच पिल्लं आणा). हा माझा सहावा हिवाळा. २०१९ च्या जानेवारीत इथे उणे २८ फॅरनहाइट झालं होतं, म्हणजे आपल्या हिशोबाने उणे ३३ सेल्सियस. तेव्हा माझ्याकडे कोंबड्या नव्हत्या पण मागच्या गल्लीतल्या आजोबांकडे होत्या, खुराड्यात हीटर नाही, दिवा नाही, आणि सगळ्या जगल्या. मला ते तेव्हा क्रूर वाटलं होतं. आता कळतंय की म्हातारा शहाणा होता.

कारण असं आहे की कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ सेल्सियसच्या आसपास असतं, वर पिसांची गोधडी, ती फुलवून बसली की आत गरम हवा अडकते. पोटात दाणा असेल आणि अंग कोरडं असेल तर तिला थंडीचं फारसं काही वाटत नाही. तिला त्रास होतो तो ओलीचा. आणि ओल आपणच करून ठेवतो, मायेपोटी.

मी पहिल्या हिवाळ्यात हेच केलं. खुराड्याला आतून थर्माकोल लावलं, फटी बुजवल्या, बाहेरून प्लास्टिक गुंडाळलं, नवरा म्हणाला सुद्धा की अगं तू स्वतःला एवढं गुंडाळत नाहीस. जानेवारीत एका सकाळी दार उघडलं तर छताला आतून बर्फाची पांढरी बुरशी आल्यासारखं झालेलं, नाकात झोंबणारा अमोनियाचा वास, आणि दोघींच्या तुऱ्याची टोकं काळी पडलेली. बाहेर उणे २०, आत उणे १२ असेल, म्हणजे आत तर गरमच होतं की! पण ७ कोंबड्या रात्रभर श्वास सोडतात, त्यांच्या शिटेत पाऊण भाग पाणीच असतं, ती सगळी वाफ आत कोंडली, तुऱ्यावर बसली आणि गोठली. हिमदंश असा होतो.

आधी खुराडं कोरडं करा

बसायची दांडी जिथे आहे त्याच्या बऱ्याच वर, छताखाली, समोरासमोरच्या दोन भिंतींत हवा खेळायला फटी ठेवा. वारा कोंबड्यांच्या डोक्यावरून गेला पाहिजे, अंगावरून नाही, एवढीच अट. माझ्या खुराड्याला दोन्ही बाजूंना ४ इंच उंच आणि ३ फूट लांब फट आहे, अर्धा इंची वेल्डमेश (चौकोनी भोकांची जाड तारेची जाळी) लावलेली, आणि ती उणे २५ ला पण उघडी असते. पाहुणे बघतात आणि म्हणतात हे बंद करायचं राहिलंय. नाही राहिलंय.

हवा पुरते की नाही ते कळायला दोन गोष्टी बघायच्या. सकाळी खिडकीच्या काचेवर किंवा छतावर आतून दहिवर गोठलेलं दिसलं तर फट वाढवा. आणि खाली वाकून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्या, उभं राहून घेऊ नका, अमोनिया तिथे खाली असतो. डोळे चुरचुरले तर गादी बदला.

गादी म्हणजे खालचा भुसा. आपल्याकडे पोल्ट्रीवाले गादी पद्धत म्हणतात तीच, फक्त तिकडे भाताचं तूस असतं, इथे पाइनच्या लाकडाचे रंध्याचे पापुद्रे मिळतात त्यांच्या गोण्या आणायच्या. देवदार म्हणजे सीडरचा भुसा नको, त्याचा उग्र वास त्यांच्या फुप्फुसांना बाधतो. ऑक्टोबरमध्ये ५-६ इंच पसरा, मग दर आठवड्याला दंताळ्याने खालवर करा आणि वरून थोडा नवा टाका, मार्चपर्यंत फूटभर होतो. मूठभर उचलून दाबा, हाताला ओल लागली किंवा गोळा झाला तर तेवढा भाग काढून टाका. दांडीखाली मी एक फळी ठेवते, रात्रीची निम्मी शीट त्यावरच पडते आणि सकाळी गोठलेली असते, खरवडली की खडखडत बादलीत, दोन मिनिटांचं काम. थंडीचा हा एकच फायदा.

दांडी गोल नको. २ बाय ४ इंची लाकडी पट्टी घ्या आणि तिची रुंद बाजू वर ठेवा, म्हणजे कोंबडी पाय सपाट ठेवून वर बसते आणि बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. गोल काठीवर बोटं खालून उघडी राहतात. लोखंडी पाइप तर मुळीच नको.

आता हीट लॅम्प. दुकानात तो २५० वॉटचा लाल दिवा खुराड्याच्या शेजारीच मांडून ठेवलेला असतो आणि बिचाऱ्या कोंबड्यांच्या दयेने आपण उचलतो. नका उचलू. कोरडा भुसा, उडणारी पिसं, धूळ आणि त्यात तापलेला दिवा, एक कोंबडी फडफडली की खाली, आणि दरवर्षी इथे अशी खुराडी जळतात, कधी शेजारची गॅरेज पण. दुसरं म्हणजे कोंबडी थंडीला हळूहळू सरावते, पिसं दाट करते. दिव्याखाली वाढवलीत आणि बर्फाच्या वादळात लाइट गेली तर ती एका रात्रीत उघडी पडते. याच कारणाने "आजच्या रात्रीपुरतं घरात घेते" असंही करू नका, ७० फॅरनहाइटमधून परत उणे १० मध्ये टाकणं जास्त वाईट. आजारी असेल तर गोष्ट वेगळी, मग ती बरी होईपर्यंत बेसमेंटमध्येच.

दाणा हाच हीटर

आमच्या गावाकडे कोंबड्यांना सकाळी मूठभर कण्या टाकल्या की झालं, संध्याकाळी डालग्याखाली झाकल्या की दिवस संपला. आई अजून मला तेच सांगते, एवढं मोजून मापून काय घालतेस. पण गावाकडच्या कोंबडीचं खरं जेवण उकिरड्यावर असतं, किडे, अळ्या, गांडुळं, कोवळा पाला, सगळं प्रोटीन ती उकरून काढते, आपल्या कण्या म्हणजे नुसता चहा. इथे नोव्हेंबर ते मार्च उकिरडा बर्फाखाली. जे तुम्ही घालाल तेवढंच तिच्या पोटात जाणार, त्यामुळे इथे कण्यांवर भागत नाही.

मुख्य जेवण लेयर फीडच, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य. १६ टक्के प्रोटीन आणि साधारण ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असलेलं, गोणीवरची पट्टी वाचून घ्या. ट्रॅक्टर सप्लाय, फ्लीट फार्म, इथल्या अशा कुठल्याही दुकानात ५० पौंडाची गोणी मिळते, कंपनीवरून भांडणारे भांडोत, मला तरी अंड्यांत फरक दिसला नाही. पेलेट म्हणजे गोळ्यांचं घ्या, भरड्यापेक्षा कमी सांडतं. एक कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाते, कडाक्याच्या थंडीत ते दीडपटीपर्यंत जाऊ शकतं. माझ्या ७ जणींना एक गोणी उन्हाळ्यात २७ दिवस पुरते आणि जानेवारीत जेमतेम तीन आठवडे, म्हणजे हिवाळ्याचं बजेट आधीच धरा. आणि दिवसभर फीडर भरलेला ठेवा, हिवाळ्यात मोजून घालायचं नाही, पचताना जी ऊब होते तीच त्यांची शेगडी. रात्री मात्र फीडर उचलून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. कोंबड्या अंधारात खात नाहीत, रात्री जे खातात ते उंदीर.

१८ आठवड्यांच्या आतल्या तलंगा म्हणजे तरण्या कोंबड्या असतील तर त्यांना लेयर फीड नका घालू. एवढं कॅल्शियम कोवळ्या वयात मूत्रपिंडांना झेपत नाही. लहान-मोठ्या एकत्र असतील तर सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या वयाचं) किंवा ऑल फ्लॉक (सगळ्यांना चालणारं) फीड घाला आणि कॅल्शियम वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवं ती खाते. कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा मिळतो, ऑयस्टर शेल म्हणून. तो फीडमध्ये कालवायचा नाही, वेगळाच ठेवायचा. अंड्याचं कवच मुख्यतः रात्री तयार होतं, त्यामुळे संध्याकाळी त्या वाटीवर गर्दी दिसते. आपलीच अंड्यांची टरफलं ओव्हनमध्ये वाळवून बारीक चुरून घातलीत तरी चालतात, पण अगदी बारीक, नाहीतर अंडं आणि जेवण यांचा संबंध त्यांच्या लक्षात येतो आणि मग स्वतःचीच अंडी फोडायला लागतात.

खडे विसरू नका. हे सगळेच विसरतात. कोंबडीला दात नाहीत, ती दाणे पोटातल्या पेठ्यात दळते (तोच कलेजी-पेठ्यातला पेठा) आणि दळायला तिला बारीक खडे लागतात. उन्हाळ्यात ती अंगणातले टिपते, जमीन बर्फाने झाकली की मिळत नाहीत. ग्रिट म्हणून पिशवी येते, एका वाटीत ठेवून द्या, हिवाळाभर पुरते. शिंपल्याचा चुरा म्हणजे ग्रिट नाही बरं, तो विरघळतो.

मका. इथे सगळ्यांचा समज आहे की मका उष्ण असतो, थंडीत भरपूर घाला. आपल्याकडे पण बाजरी उष्ण, मका अमुक, असं चालतंच. मक्यात ऊर्जा आहे हे खरं पण प्रोटीन ८-९ टक्केच, आणि कोंबडी ही आपल्या पोरांसारखीच, आधी चिप्स खाते मग जेवणाला नाही म्हणते. मी भरडलेला मका किंवा स्क्रॅच म्हणून मिळतं ते मिश्र धान्य फक्त संध्याकाळी घालते, अंधार पडायच्या तासभर आधी, प्रत्येकीला चमचा-दीड चमचा. सगळ्या खाऊचा मिळून हिशोब दिवसाच्या जेवणाच्या दहाव्या भागाच्या वर जाता कामा नये. संध्याकाळीच का, तर गळ्याखालची पिशवी भरून झोपल्या की ते रात्रभर हळूहळू पचत राहतं आणि जानेवारीतली रात्र इथे पंधरा तासांची असते. दांडीवर बसल्या की एकेकीची ती पिशवी हाताने चाचपून बघायची सवय लावा. संध्याकाळी टम्म आणि सकाळी रिकामी, असं पाहिजे. संध्याकाळीच रिकामी लागली तर कुणीतरी तिला फीडरजवळ येऊ देत नाहीये, दुसरा फीडर लांब कोपऱ्यात ठेवा. सकाळीही दगडासारखी लागली तर आत काहीतरी अडकलंय.

हिवाळ्याच्या आधी अजून एक भानगड असते, पिसं झडण्याची. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर्षाच्या वरच्या कोंबड्या पिसं टाकतात, खुराड्यात उशी फाटल्यासारखं दिसतं, अंडी बंद. पहिल्यांदा बघाल तर वाटेल रोग आला. पीस हे जवळजवळ ८५ टक्के प्रोटीन असतं, त्यामुळे या काळात १६ टक्क्यांचं फीड कमी पडतं, २० टक्क्यांच्या आसपासचं घाला, शिंपल्यांची वाटी वेगळी, आणि मका पूर्ण बंद. वाळवलेल्या अळ्या मिळतात, दिवसाआड चमचाभर. नवी पिसं कोंब फुटल्यासारखी टोचून वर येत असतात तेव्हा त्यांना उचलू नका, दुखतं. थंडी पडायच्या आत पिसं पूर्ण आली पाहिजेत, तेवढं साधलं की निम्मी लढाई जिंकली.

आता आपल्या स्वयंपाकघराचं. मोड आलेले मूग यांना प्रचंड आवडतात, आणि फेब्रुवारीत जेव्हा हिरवं काहीच नसतं तेव्हा मी आपल्यासाठी भिजवते त्यात मूठभर जास्त टाकते. गहूपण मोड आणून चालतात. पण कच्चा राजमा चुकूनही नको, भिजवलेला, मोड आलेला, कसलाच नको, त्यातलं लेक्टिन विषारी असतं. अॅव्होकॅडो नको, कांदा नको, हिरवे झालेले बटाटे आणि त्यांची सालं नकोत, चॉकलेट नको. उरलेली पोळी कुस्करून थोडी ठीक आहे. फोडणीचा भात, भाजीचा रस्सा, फरसाण हे नाही, मीठ बाधतं. नोव्हेंबरमध्ये लोक हॅलोविनचे भोपळे टाकून देतात ते मागून आणा, रंग किंवा मेण लावलेले सोडून, अर्धा कापून ठेवला की दिवसभर कामाला लागतात. कोबीचा गड्डा सुतळीने टांगा, उडी मारून टोचावा लागेल इतका वर. हे लाड वाटतील पण आत कोंडून पडलेल्या कोंबड्या कंटाळल्या की एकमेकींची पिसं उपटतात आणि एकदा रक्त दिसलं की सगळ्या मिळून त्याच एकीवर पडतात, त्यापेक्षा कोबी स्वस्त.

अगदी कडाक्याच्या सकाळी मी लेयर फीडच कोमट पाण्यात भिजवून जनावरांच्या आंबोणासारखं करून देते. वीस मिनिटांत संपेल एवढंच, नंतर उचलून घ्यायचं, नाहीतर त्याची वीट होते.

पाणी

खाण्यापेक्षा पाण्यावर माझा जास्त जीव जातो. एक कोंबडी दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी पिते, अंड्यात पाऊण भाग पाणी, आणि पाणी नसेल तर ती खाणं पण सोडते, आणि खाणं सोडलं की शेगडी विझली. बर्फ खातील की, असं काही जण म्हणतात. टोचतात कधी कधी, पण त्यावर भागत नाही, उलट तो वितळवायला अंगातलीच ऊब जाते.

वीज पोचत असेल तर भांड्याखाली ठेवायचा गरम पाट मिळतो, थर्मोस्टॅटवाला, पाणी गोठायच्या बेताला आलं की आपोआप चालू होतो. वायर बाहेर वापरायची जाड असलेली घ्या, जोड जमिनीवर बर्फात पडू देऊ नका, आणि प्लग पाणी लागलं की ट्रिप होणाऱ्या सॉकेटमध्येच लावा. वीज नसेल तर दोन रबरी घमेली, एक आत तापायला, एक बाहेर, सकाळ-दुपार-संध्याकाळ अदलाबदल. रबरी यासाठी की उलटं करून लाथ घातली की बर्फाची चकती सुटून येते, प्लास्टिक तडकतं. पहिली दोन वर्षं मी हेच केलं, ऑफिसच्या मीटिंगमधून कॅमेरा बंद करून.

भांडं उथळ आणि उघडं नको, अरुंद कडेचं हवं. पिताना गळ्याखालचे लाल कल्ले पाण्यात बुडतात आणि बाहेर आले की गोठतात, हिमदंशाचं हेही एक मोठं कारण. आणि जमेल तर पाणी खुराड्याच्या आत नको, बाहेरच्या झाकलेल्या जाळीत ठेवा. रात्री त्या पीत नाहीत, उगाच आत ओल वाढते.

अंडी आणि उजेड

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात, पण मिनेसोटात डिसेंबरमध्ये खरंच उजाडायचं राहतं. २१ डिसेंबरला इथे जेमतेम पावणेनऊ तासांचा दिवस. साताऱ्याला त्या दिवशी सुद्धा अकरा तास उजेड असतो, त्यामुळे तिकडे हा प्रश्न कुणाला पडत नाही. कोंबडीला नियमित अंडी द्यायला १४ ते १६ तास उजेड लागतो, थंडीपेक्षा अंधारामुळे अंडी थांबतात. पहिल्या वर्षाच्या तलंगा बहुतेक हिवाळाभर देतात, दुसऱ्या वर्षापासून कमी.

दिवा लावायचा असेल तर छोटा एलईडी पुरतो, ऊब नको उजेड हवा, टायमरवर, आणि पहाटे लावा. संध्याकाळी लावलात तर दिवा अचानक विझतो आणि त्या दांडीवर चढायच्या आत अंधारात अडकतात. एकदम वाढवू नका, आठवड्याला अर्धा-एक तास. मी लावत नाही. दोन महिने त्यांना सुट्टी, आम्ही दुकानातून आणतो, आणि नवऱ्याचं यावर दरवर्षी एक भाषण असतं.

ज्या देतात त्यांची अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करा. गोठलं की तडकतं, आणि तडकलेलं कोंबड्यांनी चाखलं की सवय लागते. पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये घेतलं की हात धुवा, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पिसांवर, शिटेत, अंड्यावर कुठेही असतो, लहान मुलं कोंबडीचे मुके घेतात ते बंद करा.

कुठल्या जातीच्या घ्यायच्या

तुरा बघून घ्या, रंग बघून नाही. मोठा उभा तुरा म्हणजे गोठायला जास्त जागा, पांढरी लेगहॉर्न अंडी खूप देते पण तिचा तुरा इथे टिकवणं कठीण. बसका तुरा असलेल्या वायनडॉट, बकाय या चांगल्या. शांतक्लेर तर क्वेबेकमधल्या ओका गावच्या मठातल्या एका ब्रदरने गेल्या शतकाच्या सुरवातीला मुद्दाम कॅनडाच्या थंडीसाठी तयार केली, तुरा आणि कल्ले जवळजवळ नाहीतच. ब्रह्मा पण आहे, नाव आपल्या ब्रह्मपुत्रेवरून, थंडीत दणकट, पण पायावर पिसं असतात त्यात बर्फाचे गोळे अडकतात, ते बघावं लागतं. गावाकडची ओळखीची आरआयआर म्हणजे रोड आयलंड रेड, ती मुळात इकडचीच, छान राहते, तुऱ्याकडे लक्ष ठेवा एवढंच. पिल्लं एप्रिल-मेमध्ये आणा, म्हणजे थंडीच्या आत पूर्ण पिसं येतात आणि ऑक्टोबरच्या आसपास अंडी सुरू. पिल्लांना मात्र ऊब लागतेच, पहिल्या आठवड्यात ९५ फॅरनहाइट, मग दर आठवड्याला ५ कमी.

तुरा गोठला तर आधी टोक फिकट पांढरं पडतं, मग काळं. चोळू नका, हेअर ड्रायर लावू नका, काळं टोक खुडू नका, ते आपोआप गळतं. सुजलं, पू आला तर पक्ष्यांच्या डॉक्टरला दाखवा. तुऱ्याला व्हॅसलिन लावणारे बरेच आहेत, मी पण लावलं एक वर्ष, फरक काही पडला नाही, फटी उघडल्या तेव्हा पडला.

बाहेर सोडायचं का

दार रोज उघडा, जायचं की नाही ते त्या ठरवतील. बर्फावर पाय ठेवायला त्यांना आवडत नाही, दारातच उभ्या राहून आपल्याकडे असं बघतात की जणू मीच पाडलाय. थोडं फावड्याने काढून वर पेंढा टाकला की येतात. जाळीच्या भोवती पारदर्शक प्लास्टिक लावा, वर हातभर मोकळं सोडून, वारा अडतो आणि ऊन आत येतं. एका कोपऱ्यात घमेलंभर कोरडी माती आणि लाकडाची राख ठेवा, उवा होऊ नयेत म्हणून त्यात अंग घोळतात, गावाकडे चुलीच्या राखेत घोळतात तसंच.

रात्री दाराला कडी, रॅकून साधी खिटी उघडतो. विझल म्हणजे आपल्या मुंगसाचा बारीक भाऊ समजा, हिवाळ्यात पांढरा होतो आणि इंचभर भोकातून आत शिरतो, म्हणून षटकोनी कोंबडीजाळी कामाची नाही, अर्धा इंची वेल्डमेशच.

बर्ड फ्लू २०२२ पासून या देशात ठाण मांडून आहे आणि तो जंगली बदकं, हंस यांच्याकडून येतो. पक्ष्यांना दाणे घालायचे फीडर खुराड्यापासून लांब ठेवा किंवा काढाच, खुराड्यात जायचे बूट वेगळे ठेवा, ते घालून दुसरीकडे फिरू नका. एकाएकी दोन-तीन मेल्या तर हात न लावता राज्याच्या पशुआरोग्य खात्याला कळवा.

आणि डिसेंबरमध्ये भारतात जायचं असेल तर

आपल्या लोकांचा खरा प्रश्न हा. मुलांच्या सुट्ट्या, लग्नं, सगळं नेमकं त्याच महिन्यात, आणि कोंबड्यांना पण तोच महिना अवघड. मी शेजारच्या हायस्कूलमधल्या मुलीला दिवसाला दोनदा यायचे पैसे देते, अंडी तिची. जायच्या आधी आठवडाभर तिला बरोबर घेऊन करून दाखवते, आणि खुराड्याच्या दारावर आतून कागद चिकटवते: सकाळी पाणी बघ, फीडर भर, शीट खरवड. संध्याकाळी मूठभर मका, सगळ्या ७ मोज, फीडर उचल, कडी लाव. वरच्या फटी बंद करू नकोस, हे मोठ्या अक्षरात, कारण पहिल्या वर्षी तिने मायेने त्यात टॉवेल कोंबले होते. एक जास्तीचा गरम पाट घरात ठेवते, तो बिघडतो तो उणे २५ लाच.

परत येताना एक पाळा. गावाला गेलात, कुणाच्या पोल्ट्रीत किंवा गोठ्यात गेलात तर ते बूट-चपला तिथेच ठेवून या किंवा धुऊन आणा, आणि विमानतळावर शेतावर गेला होतात का विचारलं तर खरं सांगा. आपल्याकडे मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) गावोगाव असते, ती चपलेच्या तळव्यातून पण येऊ शकते. आल्यावर लगेच, जेटलॅगमध्ये, भारतातल्याच कपड्यांवर खुराड्यात धावू नका, आंघोळ करा मग जा.

फेब्रुवारीच्या मध्याला दिवस वाढलेला जाणवायला लागतो आणि एखादीचा तुरा परत लालबुंद झालेला दिसतो, त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत पहिलं अंडं. एप्रिलमध्ये बर्फ गेला की सगळी गादी उपसून कंपोस्टच्या ढिगावर टाका. ती ताजी मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात घालू नका, रोपं जळतात आणि जंतूही असतात, सहा महिने तरी कुजू द्या. मी ऑक्टोबरमध्ये पसरते, बर्फ पडायच्या आत, त्याच आठवड्यात खुराड्यात नवा भुसा येतो.